मोराच्या शेपटीतलं जास्तीचं भोक

अक्का कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की आधी मोरी बघायच्या. बसायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी. "हात धुते," म्हणून आत जायच्या आणि नळ न सोडता जाळीवर वाकून उभ्या राहायच्या. लग्नाला गेल्या तर कार्यालयाच्या मागे भांडी घासतात ती जागा त्यांना स्टेजपेक्षा जास्त आवडायची. एका वास्तुशांतीला त्यांना असं वाकलेलं बघून घरच्या बाईंना वाटलं, कानातलं पडलं. तिघीजणी खाली बसून शोधायला लागल्या. अक्कांनी त्यांना शोधू दिलं आणि तेवढ्या वेळात मोरी नीट बघून घेतली.

"शहरातले सगळे जंतू हितं भेटतात, अम्मा," त्या मला म्हणायच्या. "एकमेकांकडे काय काय हाय ते बघतात. बाजार भरतो बाजार."

सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जंतूंचा विभाग अक्का सांभाळायच्या. माझी ती पहिली नोकरी. पेशंटचं रक्त, लघवी, जखमेतला पू आमच्याकडे यायचा. त्यातले जंतू वाढवायचे, ओळखायचे आणि कोणतं औषध त्यांना मारेल ते डॉक्टरांना कळवायचं, एवढंच काम. खाद्याचा जेलीसारखा थर दिलेल्या चपट्या प्लेटवर जंतू पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट उबेच्या पेटीत ठेवून घरी जायचं. सकाळी ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल मैदान दिसेल ते औषध चालतं. जंतू चकतीला खेटून उगवले असतील तर ते औषध त्या पेशंटसाठी पाण्यासारखं.

अक्का सकाळी पेटी उघडून प्लेटांशी तेलुगूत बोलायच्या; मला 'अम्मा' म्हणायच्या तेही त्यातलंच, पोरीला लाडाने म्हणतात तसं. मला तेलुगू येत नाही, पण सूर कळायचा. काहींना शाबासकी असायची, काहींना शिव्या.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती. मी लहानपणापासून इंग्रजी माध्यमात शिकले. रेल्वे लाइन्समधल्या आमच्या घरात मराठी बोलायचो, पण ते जेवण, कपडे आणि नातेवाईक यांच्यापुरतं. अभ्यासाचं सगळं डोक्यात इंग्रजीत होतं आणि घाबरले की तोंडातही तेच यायचं. अक्कांनी विचारलं, "जंतूला औषध चालेनासं होतं, ते कसं?" मी इंग्रजीत चारेक मिनिटं न थांबता बोलले. जंतू एकमेकांना चिकटून जनुकं देतात, मेलेल्या जंतूंची जनुकं उचलतात, विषाणू एकाची दुसऱ्याकडे नेतात; तिन्ही प्रकारांची नावं, व्याख्या, उदाहरणं. पाठ होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "बरोबर हाय. आता मी तुझी मावशी. मला ताप आलाय आणि डॉक्टर म्हणतोय गोळी चालत न्हाय. मला सांग."

मला एक वाक्य सुचलं नाही. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले.

मला घेतलं, याचं मला आश्चर्य वाटलं होतं. पुढे कधीतरी मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "येत न्हवतं तेव्हा गप्प बसलीस. बाकीच्या दोघी मावशीला पण इंग्रजीतनंच सांगत बसल्या की."

अक्कांचं घर पूर्व भागातलं, तेलुगू विणकरांचं. त्यांचे वडील चादरींच्या कारखान्यांसाठी पुठ्ठे पाडायचे. चादरीवर फूल, मोर, हत्ती काय उमटायचं ते जकार्डच्या मागाला आपोआप कळत नाही. त्यासाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ मागावर चढवतात. जिथे भोक तिथे धागा उचलला जातो. एक मोर म्हणजे एक माळ. माळ उतरवून दुसऱ्या मागावर चढवली की तो मागही मोर विणायला लागतो. माग कुणाचा, मालक कोण, याच्याशी मोराला देणंघेणं नसतं. अक्का शाळेतून आल्या की वडिलांजवळ बसून ते पुठ्ठे दोऱ्याने क्रमाने शिवायच्या. रंगाचा पत्ता नाही, धाग्याचा पत्ता नाही, नुसती भोकं, आणि त्यातून आठवड्याभराने मोर निघायचा.

जंतूंचं सगळं शास्त्र त्या या पुठ्ठ्यांवर बसवायच्या. मी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते की औषधं जास्त वापरली की जंतू शिकतात. अक्कांनी हातातली प्लेट खाली ठेवली.

"शिकत बिकत काय न्हाय. शाळा हाय का ती? औषध टाकलं की ज्याच्याकडं पुठ्ठा न्हाय तो मरतो. ज्याच्याकडं हाय तो उरतो. मग त्याला गल्लीच मोकळी मिळते."

"पण पहिल्याकडे कुठून आला?"

"कधीतरी एखादं भोक चुकून पडतं. न्हायतर शेजाऱ्याकडनं येतो. जास्त करून शेजाऱ्याकडनंच."

मग त्यांनी सांगितलं ते मी पुस्तकात अनेकदा वाचलं होतं, पण तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसलं. दोन जंतू शेजारी आले की त्यांच्यात एक बारीक नळी तयार होते, भिंतीवरून हात लांब करावा तशी. तिच्यातून पुठ्ठ्यांच्या एका छोट्या माळेची नक्कल पलीकडे जाते. मूळ माळ देणाऱ्याकडे राहतेच. त्या एका माळेत पाच-सहा औषधांवरचे उतारे एकत्र शिवलेले असू शकतात. घेणारा वेगळ्या जातीचा असला तरी अडत नाही. "आणि एखादा मेला, फुटला, तर बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातनं उचलावं तसे हेचे पुठ्ठे दुसरा उचलतो. विषाणू तर हमालच. गाठोडं बांधताना दुसऱ्याचंच सामान आत बांधतो आणि भलत्याच्या दारात टाकतो."

"मुलाला आईबापाकडनं मिळतं ते वेगळं," त्या म्हणाल्या. "हे आडवं जातं, अम्मा. गल्लीतनं गल्लीत."

अक्कांच्या खुर्चीवर घडी घालून ठेवलेली एक जुनी चादर असायची. निळ्यावर पांढरा मोर. बसून बसून विटलेली, पण कुणी ती उचलली तर त्यांना चालायचं नाही. एकदा त्यांनी ती उलगडून मला मोराची शेपटी दाखवली. शेपटीच्या डाव्या कडेला, जिथे काहीच असायला नको, तिथे एक पांढरा ठिपका होता.

तो त्यांच्या वडिलांनी मुद्दाम पाडलेल्या भोकाचा होता. एका कारखान्यासाठी त्यांनी तो मोर केला होता. गिऱ्हाइकाच्या लक्षात येणार नाही असं एक भोक त्यांनी शेपटीत जास्तीचं पाडलं. वर्षाच्या आत दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या कारखान्याच्या चादरीवर तसाच मोर यायला लागला. तिथला मालक म्हणाला, मोर काय तुमच्याच बापाचा आहे का, आमच्या माणसाने डोक्यातून काढला. वडिलांनी काही वाद घातला नाही. चादर उलगडली आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मोर कुणीपण काढेल," अक्का म्हणाल्या. "चूक कोण दोनदा तशीच काढेल?"

त्या चादरीची घडी घालताना त्यांचा चेहरा असा असायचा की जणू वडिलांनी एखादं मोठं बक्षीस मिळवलं आहे.

अक्कांचे नियम थोडे होते आणि त्यांची कारणं त्या सांगायच्या नाहीत. पेशंट घरी जाईपर्यंत त्याची पहिली प्लेट टाकायची नाही. चिकटपट्टीने बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. दुसरा नियम चकतीचा. औषधाला न जुमानणारा जंतू एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर नेताना नव्या प्लेटवर त्या औषधाची एक चकती ठेवायचीच, आणि पुढच्या वेळी जंतू उचलायचा तो त्या चकतीच्या अगदी काठावरून. मी एकदा का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "रिकामं बसू द्यायचं न्हाय त्याला." मला ते देवाला फूल वाहण्यासारखं वाटलं. इतकी वर्षं करत आल्या, म्हणून करतात. मी काही बोलले नाही. मी मुळात फार बोलत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागातून एक रक्ताचा नमुना आला. दिवस भरायच्या आधी जन्मलेला मुलगा, वडील मोडनिंबचे, टेम्पो चालवणारे. रक्तात क्लेबसिएला निघाला. हॉस्पिटलात अनेकदा भेटणारा, पण बाळाच्या रक्तात आला की फार वाईट. अशा वेळी डॉक्टर ज्या औषधावर भिस्त ठेवतात त्या मेरोपेनेमच्या चकतीला हा खेटून उगवला होता. आणखी पाच चकत्यांचंही तेच. फक्त अमिकॅसिन नावाच्या जुन्या औषधाभोवती मोठं, स्वच्छ मैदान होतं.

अक्का प्लेट उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या. इतकी सगळी औषधं बंद करणारा जंतू बहुतेक वेळा अमिकॅसिनही बंद करून बसलेला असतो. हा नव्हता. "चूडम्मा," त्या म्हणाल्या, म्हणजे बघ गं. "शेपटीत भोक."

रिपोर्ट गेला. बाळाला अमिकॅसिन आणि सोबत मूत्रपिंडाला जड जाणारं एक औषध सुरू झालं. बालरोगाचे मोठे डॉक्टर त्या दुसऱ्या औषधावर खूश नव्हते, आणि त्यांचंही बरोबर होतं. एवढ्याशा जिवाला ते देणं म्हणजे रोज भीतच देणं. चार दिवसांनी शेजारच्या पाळण्यातल्या मुलीच्या लघवीत ई. कोलाय निघाला. जात वेगळी, पण चकत्यांचं चित्र हुबेहूब तेच. तीच औषधं बंद, तेच एक उघडं.

डॉक्टर स्वतः खाली आले. दारातूनच म्हणाले, "अक्का, तुमच्या लॅबमध्ये सगळं रेझिस्टंटच उगवतं का हो? दोन वेगळे जंतू आणि रिपोर्ट एकच? चकत्यांची बाटली बघा आधी. उन्हात राहिली असेल."

"बाटली चांगली हाय साहेब. जंतू दोन, माळ एक."

"ते मोराचं मला सांगू नका. बाहेरच्या लॅबला पाठवा. त्यांचा रिपोर्ट येऊ दे."

पाठवायचं काम माझं होतं. मोडनिंबच्या बाळाचा जंतू माझ्या ताब्यात होता आणि मी तो रोज सकाळी नव्या प्लेटवर नेत होते, म्हणजे कुणी मागितला तर ताजा असावा. एका जंतूपासून वाढलेली, टिकलीएवढी, गोल, सुरेख वसाहत निवडायची आणि पुढे न्यायची. चकती मी ठेवत नव्हते. चकतीने प्लेट अर्धी अडते, वसाहती नीट सुट्या येत नाहीत, आणि मला माझ्या प्लेटा नीटनेटक्या आवडायच्या. कॉलेजात माझ्या प्लेटांचे फोटो बोर्डावर लावले होते. चौथ्या दिवशीची प्लेट फारच छान आली होती. तीच मी पाठवली.

बाहेरचा रिपोर्ट आला: मेरोपेनेम चालतं.

डॉक्टर तो कागद घेऊन आले तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. उलट जरा हळूच बोलले. इतके दिवस बाळाला नको ते औषध दिलं, आता मेरोपेनेम सुरू करतो म्हणाले. अक्कांनी त्यांच्याकडून उद्या सकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. माझ्याकडची प्लेट घेतली आणि मला बाजूला ठेवून सगळं स्वतःच्या हातांनी परत लावलं.

सकाळी पेटी उघडली. मेरोपेनेमच्या चकतीभोवती एवढं मोठं मैदान होतं की लांबूनही दिसत होतं.

त्या दिवशी अक्का प्लेटशी काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला, परत बघितलं. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल गं. डोळे गेले असतील." रिपोर्टचं रजिस्टर उचललं, स्वतःच्या सहीवर बोट ठेवून एकदा बघितलं आणि डॉक्टरांना सांगायला वर निघाल्या. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते.

मी प्लेटकडे बघत उभी होते. मैदान इतकं गोल आणि स्वच्छ होतं. आणि मला एकदम समजलं, अक्कांच्या त्या चकतीचं. रिकामं बसू द्यायचं नाही. पुठ्ठ्यांची माळ बाळगणं फुकट नसतं. ती प्रत्येक वेळी नक्कल करावी लागते, तिचं ओझं होतं. औषध समोर असेपर्यंत ज्याच्याकडे माळ आहे तोच जगतो. औषध दिसेनासं झालं की एखादा ती टाकून देतो आणि हलका होऊन जोरात वाढतो. मी चार दिवस त्याला औषधाशिवाय आरामात ठेवलं होतं आणि रोज त्यातली सगळ्यात टपोरी, सुरेख वसाहत निवडली होती. म्हणजे माळ टाकलेलीच निवडली होती. बाहेरच्या लॅबने बरोबर तपासलं होतं. अक्कांनीही आता बरोबर तपासलं होतं. पण तो बाळाच्या रक्तातला जंतू राहिलाच नव्हता. तो मी घडवलेला होता.

हे पुस्तकात होतं. परीक्षेत मी त्यावर पूर्ण मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

मला लगेच त्यांच्यामागे पळता आलं असतं. मी पळाले नाही, हे लिहून ठेवायला हवं. मी आधी हात धुतले. मग परत धुतले. मनात म्हटलं, अक्कांना वेगळं गाठून सांगू, सगळ्यांसमोर नको. कदाचित त्यांच्या स्वतःच्याच लक्षात येईल. मग फ्रिजचा खालचा कप्पा उघडला. पहिली प्लेट तिथे होती, चिकटपट्टी लावलेली, वर अक्कांच्या तिरक्या अक्षरात बाळाच्या आईचं नाव. आत मेरोपेनेमची चकती, आणि तिला खेटून दाट पांढरी वाढ.

ती घेऊन मी जिना चढले. मधल्या वळणावर मोडनिंबचे ते टेम्पोवाले बसले होते. रोज तिथेच बसायचे, कारण तिथून विभागाचं दार दिसायचं. माझा पांढरा कोट बघून उभे राहिले.

"मॅडम, औषध बदलनार म्हनत्यात. चांगलं हाय न्हवं?"

थांबा, एवढंच मी म्हणाले. बहुतेक तेही इंग्रजीत.

डॉक्टरांच्या खोलीत पाच-सहाजण होते. अक्का उभ्या होत्या, रजिस्टर छातीशी धरून. डॉक्टर सिस्टरना सांगत होते की दुपारचा डोस नव्या औषधाचा. मी आत गेले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मी कुठे गेले तरी सहसा कुणी बघत नाही, आणि मला ते आवडतं. मी इंग्रजीत सुरुवात केली. दोन शब्दांवर थांबले. मग मी अक्कांकडे बघितलं आणि मराठीत बोलले.

"सर, अक्कांचा रिपोर्ट बरोबर आहे. चूक माझी आहे."

सगळे वळले.

"मी चार दिवस चकती न ठेवता जंतू वाढवला. त्याने पुठ्ठे टाकून दिले. आपण बाहेर पाठवला तो आणि काल परत तपासला तोही पुठ्ठे टाकलेला. बाळाच्या रक्तातला हा आहे." मी प्लेट टेबलावर ठेवली. "बाळाच्या अंगात अशी निवड कुणी केलेली नाही. तिथल्याने काही टाकलेलं नसणार."

डॉक्टरांनी प्लेट उचलली, खिडकीपाशी नेली. मला त्यांची पाठ दिसत होती.

"म्हणजे आज मी मेरोपेनेम दिलं असतं तर..." ते म्हणाले. सिस्टरना म्हणाले, "आहे तेच चालू ठेवा."

अक्कांनी सगळ्यांसमोर मला एक शब्द विचारला नाही. जिन्यात त्या टेम्पोवाल्यांपाशी थांबून एवढंच म्हणाल्या की औषध तेच राहणार, काळजी करू नका. खाली आल्यावर मात्र दार लावून घेतलं.

"चार दिवस?"

"हो."

"चकतीशिवाय?"

"हो."

"का?"

"प्लेट चांगली दिसत नव्हती."

मला वाटलं आता कामावरून काढतील. त्यांनी खूप सुनावलं. त्यातलं अर्धं तेलुगूत होतं आणि मला त्याचाही अर्थ कळला. चांगली दिसण्याबद्दल, बोर्डावरच्या फोटोंबद्दल आणि तिकडे पाळण्यात झोपलेल्याबद्दल. मी रडले नाही, पण ते फक्त खाली बघत राहिले म्हणून. मग त्यांनी पहिल्या प्लेटची चिकटपट्टी काढली, चकतीच्या काठावर बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हितनं उचल. परत लाव." दुसऱ्या दिवशी मेरोपेनेमच्या चकतीला जंतू पहिल्यासारखाच खेटून उगवला होता, आणि अमिकॅसिनचं मैदान उघडं होतं. अक्का प्लेटशी बोलल्या.

राहिला होता तो दोन जंतूंचा आणि एका रिपोर्टचा प्रश्न. त्यासाठी अक्कांनी काय केलं असेल ते वाचणाऱ्याला कळलंच असेल. त्या वर बाळांच्या विभागात गेल्या आणि मोरी बघितली. पाळण्यांच्या भिंतीला लागून हात धुवायचं बेसिन होतं. सिस्टर चांगल्या होत्या, स्वच्छ होत्या. सिरिंजमध्ये उरलेलं औषध इकडेतिकडे सांडू नये म्हणून ते त्या जाळीतच ओतून वर पाणी सोडायच्या. रोज, प्रत्येक पाळीत. म्हणजे त्या जाळीखाली औषध कधी संपतच नव्हतं आणि तिथे कुणीच रिकामं बसलेलं नव्हतं. अक्कांनी जाळीच्या आत काडी फिरवून आणली. तिच्यातून तिसऱ्याच जातीचा जंतू निघाला, नाल्यात राहणारा. चकत्या लावल्या. सगळी तीच औषधं बंद, अमिकॅसिन उघडं.

डॉक्टर खाली आले तेव्हा अक्कांनी तिन्ही प्लेटा ओळीने मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी खुर्चीवरची चादर उलगडली, ठिपक्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट एकेका प्लेटवर अमिकॅसिनच्या मैदानाशी टेकवत गेल्या. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मोराचं सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाले, "बेसिन आजच काढून टाकायला सांगतो." दारापाशी थांबून माझ्याकडे बघून मान हलवली. तेव्हापासून त्यांनी आमच्या रिपोर्टवर बोलायचं असलं तर फोन केला नाही. ते खाली यायचे आणि अक्कांचा तो फार गोड चहा प्यायचे.

बेसिन गेलं. मुलगी आधी घरी गेली. मोडनिंबच्या बाळाला वेळ लागला. मधे दोन दिवस फार वाईट गेले, पण औषध आपलं काम करत होतं, आणि एका सकाळी त्याच्या रक्ताच्या नमुन्यात काहीच उगवलं नाही. काहीच न उगवलेली प्लेट इतकी सुंदर दिसते हे मला माहीत नव्हतं.

त्याचं बारसं लांबलं ते लांबलंच. पावसाळा संपल्यावर झालं. टेम्पोवाले स्वतः आम्हाला न्यायला आले. अक्का पुढे बसल्या, मी मागे. घरात पाऊल टाकल्या टाकल्या अक्का हात धुवायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाळाची आई अवघडून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "बघू द्या. त्यांना बघितल्याशिवाय चैन पडत नाही." बाहेर आल्यावर त्यांनी फळीवरची औषधाची अर्धी बाटली उचलून हे कुणाचं, केव्हाचं, पुरतं का दिलं नाही, अशी चौकशी केली आणि उरलेलं मोरीत ओतायचं नाही म्हणून बजावलं. बारशाला जमलेल्या बायका ओळीने ऐकत होत्या.

मग त्यांनी पिशवीतून नवी चादर काढून पाळण्यावर घातली. निळ्यावर पांढरा मोर. त्यांच्या भावाकडे वडिलांच्या पुठ्ठ्यांची माळ अजून होती, त्यावरून एकच विणून घेतलेली. मी वाकून डाव्या कडेला ठिपका बघितला. होता.

बाळाच्या एका आत्याने विचारलं, ही कोण, तुमची मुलगी का. अक्कांना मूलबाळ नव्हतं. इतक्या बायकांसमोर माझ्याबद्दल बोलणं निघालं की मला लपावंसं वाटतं, म्हणून मी पाळण्याची दोरी उगाच सरळ करायला लागले.

"मुलगी कुठली," अक्का म्हणाल्या. "आमच्या लॅबची हाय. चुकली तर सगळ्यांसमोर सांगते. अशी एक पुरते लॅबला."

माझं एम.एस्सी.चं सर्टिफिकेट आई-बाबांनी हॉलमध्ये फ्रेम करून लावलं आहे. त्याच्याखालून जाताना मला अजून संकोच होतो. अक्कांचं हे वाक्य कुठे लावलेलं नाही.

अक्का आता निवृत्त आहेत. मोराची जुनी चादर त्या खुर्चीवरच ठेवून गेल्या आणि त्या खुर्चीवर सध्या मी बसते. मागच्या महिन्यात नवीन आलेल्या मुलीने मला विचारलं की दर वेळी ही चकती कशाला ठेवायची, तिच्यामुळे प्लेट चांगली दिसत नाही. मी तिला खुर्ची ओढून बसायला सांगितलं आणि आधी माझी ती चार दिवसांची गोष्ट सांगितली. मोर नंतर दाखवला.